‘कळसूबाई इज हायेस्ट पीक’: इंग्रजीतील सुपरलेटिव्ह रूपांचे एक प्रकरण

अकोले तालुक्यातील मराठी माध्यमाच्या एका शाळेत नववीत शिकणाऱ्या विद्यार्थिनीने आपल्या परिसराविषयी इंग्रजीत लिहिलेला एक परिच्छेद हा या प्रकरणाचा आधार आहे. विशेषणाच्या तीन डिग्री, म्हणजे पॉझिटिव्ह (साधे रूप), कम्पॅरेटिव्ह (‘अधिक’ दाखवणारे) आणि सुपरलेटिव्ह (‘सर्वांत’ दाखवणारे), या घटकावरील चाचणीत तिने उत्तम गुण मिळवले होते. ‘हाय, हायर, हायेस्ट’, ‘गुड, बेटर, बेस्ट’, ‘ब्यूटिफुल, मोर ब्यूटिफुल, मोस्ट ब्यूटिफुल’ हा तक्ता तिला न अडखळता म्हणता येत होता आणि रिकाम्या जागी योग्य रूप भरण्यातही तिची चूक होत नव्हती. मात्र तीच रूपे स्वतःच्या वाक्यांत वापरण्याची वेळ आली, तेव्हा जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठे ना कुठे घसरले. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिलीपासून शिकवला जातो, त्यामुळे ही मुलगी इंग्रजीला नवखी नव्हती, आणि म्हणूनच हे प्रकरण तपशिलाने पाहण्याजोगे आहे.

तिचा परिच्छेद असा होता: “कळसूबाई इज हायेस्ट पीक इन महाराष्ट्र. इट इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र. इट इज वन ऑफ द फेमसेस्ट पीक इन सह्याद्री. माय ग्रँडमदर इज द मोस्ट ओल्डेस्ट वुमन ऑफ अवर व्हिलेज. शी टूक मी टू द टॉप. द सनराइज फ्रॉम देअर इज मोस्ट ब्यूटिफुल ऑफ ऑल अदर प्लेसेस. दॅट वॉज माय द बेस्ट डे.”

अशा लिखाणावर सामान्यतः लाल शाईने दुरुस्ती होते, ‘डिग्रीचे नियम पाहा’ असा शेरा पडतो आणि तक्ता पुन्हा पाठ करायला सांगितले जाते. या मुलीच्या बाबतीत तो उपाय निरुपयोगी होता, कारण तक्ता तिला येतच होता. वरच्या चुका बारकाईने वेगळ्या केल्या तर रूप बनवण्यातील चुका मोजक्याच दोन निघतात: ‘फेमसेस्ट’ आणि ‘मोस्ट ओल्डेस्ट’. बाकी सगळ्या चुका ‘कोणामध्ये सर्वांत?’ या प्रश्नाशी निगडित आहेत. सुपरलेटिव्ह हे एका वस्तूचे वर्णन वाटले तरी प्रत्यक्षात ते त्या वस्तूचे एका समूहातील स्थान सांगते. हा समूह कोणता, वस्तू त्याच्या आत आहे की बाहेर, आणि समूहातील सगळे घटक एकाच जातीचे आहेत का, हे ठरल्याशिवाय इंग्रजी वाक्य उभे राहत नाही. आपल्या वर्गांत मात्र शिकवण्याचा बहुतेक वेळ ‘-एस्ट’ लावायचे की ‘मोस्ट’ यावरच खर्च होतो.

रूप बनवण्याचा भाग

आधी तो भाग हातावेगळा करू. एक सिलेबल, म्हणजे एका स्वरासह एका दमात उच्चारला जाणारा तुकडा, असलेल्या विशेषणाला ‘-एस्ट’ लागतो आणि तीन किंवा अधिक सिलेबल असतील तर आधी ‘मोस्ट’ येतो. शेवटी एकच स्वर आणि त्यानंतर एकच व्यंजन असेल तर ते व्यंजन दुप्पट होते, म्हणून ‘बिगेस्ट’मध्ये दोन ‘जी’ आणि ‘हॉटेस्ट’मध्ये दोन ‘टी’ लिहितात. ‘डीपेस्ट’मध्ये स्वराची दोन अक्षरे असल्याने ‘पी’ एकच राहतो आणि ‘लोएस्ट’, ‘न्यूएस्ट’ यांतला ‘डब्ल्यू’ कधीच दुप्पट होत नाही. व्यंजनानंतर ‘वाय’ आला तर त्याचा ‘आय’ होतो, जसे ‘हॅपिएस्ट’. गोंधळ खरा होतो तो दोन सिलेबलच्या शब्दांत. ‘वाय’ने संपणारे ‘इझी’, ‘हॅपी’, ‘हेवी’, तसेच ‘सिंपल’, ‘नॅरो’, ‘क्लेव्हर’ यांसारखे शब्द ‘-एस्ट’ घेतात. ‘फेमस’, ‘केअरफुल’, ‘यूसफुल’, ‘मॉडर्न’ हे ‘मोस्ट’ घेतात. आणि ‘कॉमन’सारख्या काही शब्दांची दोन्ही रूपे चालतात. ‘टायर्ड’, ‘बोअर्ड’ यांसारखे क्रियापदावरून आलेले शब्द उच्चाराने कितीही छोटे असले तरी त्यांना ‘मोस्ट’च लागतो.

या मुलीने ‘फेमसेस्ट’ का लिहिले, हे तिला विचारल्यावर कळले. ‘फेमस’ हा शब्द तक्त्यात नव्हता आणि तो तिला छोटा वाटला. छोटा म्हणजे किती, याचे तिचे माप लिपीतून आलेले होते. वर्गातील अनेक मुले शब्दाची इंग्रजी अक्षरे मोजतात, त्यामुळे ‘स्ट्रेंज’ हा सात अक्षरांचा शब्द त्यांना लांब वाटतो आणि त्याला ती ‘मोस्ट’ लावतात. वास्तविक तो एकाच सिलेबलचा शब्द आहे आणि त्याचे रूप ‘स्ट्रेंजेस्ट’ होते. काही मुले देवनागरीतील अक्षरे मोजतात, आणि तेही फसवे आहे, कारण ‘हाय’मध्ये देवनागरीत दोन अक्षरे दिसतात पण सिलेबल एकच असते. शब्द मोठ्याने उच्चारून त्यात स्वर किती वेळा ऐकू येतो एवढे मोजले की पुरते. ‘फे-मस’ असे म्हणून तिने दोन मोजले आणि ‘-अस’ने संपणाऱ्या शब्दाला ‘मोस्ट’ लागतो, हे लक्षात ठेवले. हा भाग तेवढ्यावर मिटला.

‘मोस्ट ओल्डेस्ट’चे मूळ अधिक खोल आहे. मराठीत तुलना दाखवण्यासाठी विशेषण स्वतः बदलत नाही. ‘उंच’ हा शब्द ‘अधिक उंच’मध्ये आणि ‘सर्वांत उंच’मध्ये जसाच्या तसा राहतो, आणि तुलनेचे सगळे काम बाजूचा शब्द करतो. त्यामुळे ‘सर्वांत’साठी काहीतरी वेगळा शब्द हवाच, अशी मराठी मनाची अपेक्षा असते आणि ‘ओल्डेस्ट’मध्ये ते काम होऊन गेले आहे हे जाणवत नाही. त्यात भर म्हणजे, जुनी तमभावाची, म्हणजे ‘सर्वांत’ हा अर्थ असलेली, रूपे आपण साध्या विशेषणांसारखी वापरतो. संस्कृतात अतिशय दाखवण्यासाठी ‘तम’ आणि ‘इष्ठ’ हे प्रत्यय लागतात. पाणिनीने ‘अतिशायने तमबिष्ठनौ’ या सूत्रात ते दोन्ही सांगितले आहेत. ‘ज्येष्ठ’, ‘श्रेष्ठ’, ‘कनिष्ठ’, ‘बलिष्ठ’ ही सगळी ‘इष्ठ’ लागून झालेली रूपे आहेत, आणि इंग्रजीतील ‘-एस्ट’ हा याच ‘इष्ठ’चा भाषाकुळातील सगोत्र आहे. तरीही आपण ‘सर्वांत ज्येष्ठ सदस्य’, ‘सर्वश्रेष्ठ कलाकृती’, ‘सर्वोत्तम खेळाडू’ असे सहज म्हणतो, कारण मराठीत ‘ज्येष्ठ’ किंवा ‘उत्तम’ यांतील ‘सर्वांहून’ हा अर्थ झिजून गेला आहे. वेदातसुद्धा ‘श्रेष्ठतम’ असे दुहेरी रूप आहे. इंग्रजीतही शेक्सपिअरच्या काळापर्यंत ‘मोस्ट’ आणि ‘-एस्ट’ एकत्र लिहिलेले आढळतात. पुढे अठराव्या शतकातील व्याकरणकारांनी ते दोषाच्या यादीत टाकले आणि प्रमाण लेखनातून ते गेले. तेव्हा ‘मोस्ट ओल्डेस्ट’ लिहिणाऱ्या मुलीला अज्ञानी ठरवण्याचे कारण नाही. तिला एवढेच सांगावे लागले की ‘ओल्डेस्ट’ या एका शब्दात ‘सर्वांत’ हा शब्द आधीच भरलेला आहे.

समूहाच्या आत आणि बाहेर

आता मुख्य भागाकडे वळू. मुलीचे दुसरे वाक्य होते, ‘इट इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र’. वरकरणी ते बरोबर वाटते आणि अनेक शिक्षकांच्या नजरेतूनही ते निसटते. परंतु कळसूबाई स्वतः महाराष्ट्रातील एक शिखर आहे. ‘महाराष्ट्रातील कोणत्याही शिखरापेक्षा उंच’ असे म्हटले की त्यात ती स्वतःही येते आणि ती स्वतःपेक्षा उंच असल्याचे विधान होते. म्हणून ‘हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र’ असे लिहावे लागते. उलट सहाव्या वाक्यात तिने ‘ऑफ ऑल अदर प्लेसेस’ लिहिले, तिथे ‘अदर’ नको होता. सुपरलेटिव्हमध्ये ज्याला सर्वांत वरचा म्हणायचे तो त्या समूहाचाच घटक असावा लागतो. ‘इतर सर्वांमध्ये सर्वांत सुंदर’ म्हटले तर तो समूहातून बाहेर काढला जातो आणि मग त्याच समूहात त्याचा क्रमांक लावता येत नाही.

‘डू अॅज डायरेक्टेड’ (सूचनेप्रमाणे वाक्य बदला) या प्रश्नाच्या तयारीत मुले हीच गोष्ट तीन साच्यांत पाठ करतात: ‘नो अदर पीक इन महाराष्ट्र इज अॅज हाय अॅज कळसूबाई’, ‘कळसूबाई इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र’, ‘कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र’. पहिल्या दोन साच्यांत ‘अदर’ आहे आणि तिसऱ्यात नाही, हे मुलांना पाठ असते. पण तो तिथे का आहे आणि इथे का नाही, हे त्यांना कोणी क्वचितच सांगते. कारण न कळता पाठ केलेला ‘अदर’ परीक्षेबाहेर कुठेही उगवतो किंवा गळतो, आणि या परिच्छेदात नेमके तसेच झाले. जिथे हवा तिथून तो गळला आणि जिथे नको तिथे उगवला. साचे वाईट आहेत असे मी म्हणत नाही, ते उपयोगीच आहेत. मात्र साचा हा समजुतीनंतर यावा, समजुतीच्या जागी येऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे कारण समजावण्यासाठी तिची मराठीच पुरेशी होती. मराठीत आपण ‘कळसूबाई महाराष्ट्रातील शिखरांत उंच आहे’ असे म्हणतो, तेव्हा ‘शिखरांत’ या शब्दातील ‘त’ तिला समूहाच्या आत ठेवतो. ‘इतर शिखरांपेक्षा उंच’ किंवा ‘इतर शिखरांहून उंच’ म्हणतो, तेव्हा ‘पेक्षा’ आणि ‘हून’ तिला समूहासमोर, बाहेर उभे करतात. ‘त’ म्हणजे आत आणि ‘पेक्षा’ म्हणजे बाहेर हा भेद मराठी बोलणारे मूल शाळेत येण्यापूर्वीच जाणते. इंग्रजीत ‘-एस्ट’ आणि ‘मोस्ट’ हे ‘त’च्या बाजूचे, तर ‘-अर’, ‘मोर’ आणि ‘दॅन’ हे ‘पेक्षा’च्या बाजूचे. बाहेर उभे करायचे असेल आणि वस्तू मुळात आतली असेल, तर तिला ‘अदर’ने बाहेर काढावे लागते. मुळातच बाहेरची असेल तर ‘अदर’ची गरज नाही. म्हणून ‘कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन गोवा’ हे वाक्य ‘अदर’शिवाय पूर्णपणे बरोबर आहे, कारण कळसूबाई गोव्यात नाही. हे उदाहरण दिले त्या क्षणी तिने स्वतःच्या दुसऱ्या वाक्याकडे बोट दाखवले आणि तिथे काय राहिले ते स्वतः सांगितले.

समूह बदलला की विधानाचा खरेपणाही बदलतो, आणि इथे भूगोल व्याकरणाच्या मदतीला येतो. कळसूबाईची उंची १६४६ मीटर आहे आणि महाराष्ट्रापुरती ती सर्वांत उंच आहे. समूह वाढवून संपूर्ण पश्चिम घाट घेतला तर हा मान केरळातील २६९५ मीटर उंचीच्या अनाईमुडीकडे जातो. नाशिक जिल्ह्यातील साल्हेर १५६७ मीटर उंच आहे. महाराष्ट्रातील शिखरांत तो कळसूबाईनंतर येतो, पण समूह ‘किल्ले’ असा घेतला तर तोच पहिला ठरतो: ‘साल्हेर इज द हायेस्ट फोर्ट इन महाराष्ट्र’. त्याच साल्हेरविषयी शिखर म्हणून बोलताना ‘वन ऑफ द हायेस्ट पीक्स’ किंवा ‘द सेकंड हायेस्ट पीक’ म्हणावे लागते. मुलीच्या पहिल्या वाक्यात ‘इन महाराष्ट्र’ होते म्हणून ते खरे होते. ‘इन सह्याद्री’ एवढेच लिहिले असते, तर सह्याद्री म्हणजे महाराष्ट्रातील रांग की सगळा पश्चिम घाट, या प्रश्नावर ते अडले असते.

‘वन ऑफ द फेमसेस्ट पीक’ या वाक्यातील दुसरी चूकही समूहाचीच आहे. ‘पैकी एक’ म्हणायचे तर ज्यांच्यापैकी म्हणायचे ते अनेक असणार, म्हणून ‘पीक्स’ असे अनेकवचन हवे. मराठीत आपण ‘सर्वांत प्रसिद्ध शिखरांपैकी एक’ म्हणताना ‘शिखरांपैकी’ हे अनेकवचन न चुकता वापरतो, पण इंग्रजीत ‘वन’ हा शब्द सुरुवातीला येतो आणि त्याच्या प्रभावाखाली पुढचे नाम एकवचनी होऊन बसते. क्रियापद मात्र ‘वन’शीच जुळते: ‘वन ऑफ द हायेस्ट पीक्स इज साल्हेर’. नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी असा हा जोड मुलांना विचित्र वाटतो, म्हणून तो एकदा सावकाश उलगडून दाखवावा लागतो.

चौथ्या वाक्यातील ‘ऑफ अवर व्हिलेज’ हा ‘आमच्या गावची’ या मराठी रचनेचा परिणाम आहे. इंग्रजीत समूह जागेच्या किंवा संस्थेच्या नावाने सांगितला तर सुपरलेटिव्हनंतर ‘इन’ येतो, म्हणून ‘द ओल्डेस्ट वुमन इन अवर व्हिलेज’. घटक मोजून किंवा अनेकवचनात सांगितले तर ‘ऑफ’ येतो, जसे ‘द ओल्डेस्ट ऑफ द थ्री सिस्टर्स’. ‘मे इज द हॉटेस्ट मंथ ऑफ द इयर’ यात काळासाठीही ‘ऑफ’च वापरतात. सहाव्या वाक्यात आणखी एक अडचण होती: सूर्योदयाची तुलना ठिकाणांशी झाली होती. समूहातील घटक एकाच जातीचे हवेत, त्यामुळे सूर्योदय सूर्योदयांतच मोजावा लागतो. त्यासाठी इंग्रजीत फार सोयीची रचना आहे, ती म्हणजे ‘द मोस्ट ब्यूटिफुल सनराइज आय हॅव एव्हर सीन’. इथे समूह आहे आजवर पाहिलेल्या सगळ्या सूर्योदयांचा, आणि म्हणूनच क्रियापद ‘हॅव सीन’ असे आजपर्यंतचा काळ कवेत घेणारे येते.

राहिला ‘द’. पहिल्या वाक्यात तो गळला, शेवटच्यात तो नको तिथे आला. मराठीत आर्टिकलच, म्हणजे नामाआधी येणारे ‘अ’, ‘अॅन’, ‘द’ यांसारखे शब्दच, नाहीत, त्यामुळे तो गळणे समजण्यासारखे आहे. समूहातील सर्वांत वरचा घटक निश्चित होतो, म्हणून नामाआधी येणाऱ्या सुपरलेटिव्हला ‘द’ लागतो. मात्र ‘माय’, ‘अवर’, ‘हर’ किंवा ‘राम्स’ असा मालकी दाखवणारा शब्द आधी आला तर निश्चितीचे काम तोच करतो आणि ‘द’ जातो. म्हणून ‘माय बेस्ट डे’. नाम सोबत नसेल आणि एकाच वस्तूची तिच्याच दुसऱ्या स्थितीशी तुलना असेल, तर ‘द’ टाळतात. भंडारदऱ्याच्या जलाशयाविषयी ‘द लेक इज डीपेस्ट निअर द डॅम’ असे म्हणतात, कारण इथे जलाशयाची दुसऱ्या जलाशयाशी तुलना नाही. त्याच्याच वेगवेगळ्या भागांतील खोलीची आहे.

काय केले आणि काय राहिले

दुरुस्तीसाठी मुलीला तक्ता दिला नाही. तिला प्रत्येक वाक्याच्या वर मराठीत ‘कोणांत?’ आणि ‘आत की बाहेर?’ या दोन प्रश्नांची उत्तरे लिहायला सांगितली, आणि ती लिहून झाल्यावरच इंग्रजी वाक्य पुन्हा लिहायला सांगितले. तिचा दुसरा मसुदा असा आला: “कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र. इट इज हायर दॅन एनी अदर पीक इन द स्टेट. इट इज वन ऑफ द मोस्ट फेमस पीक्स इन द सह्याद्रीज. माय ग्रँडमदर इज द ओल्डेस्ट वुमन इन अवर व्हिलेज. शी टूक मी टू द टॉप. इट वॉज द मोस्ट ब्यूटिफुल सनराइज आय हॅव एव्हर सीन. दॅट वॉज माय बेस्ट डे.” पहिली दोन वाक्ये एकच गोष्ट दोनदा सांगतात आणि चांगल्या लेखनात त्यांतले एक गाळावे, हे तिला नंतर सांगितले, सरावासाठी म्हणून ती दोन्ही राहू दिली.

या उपायाचा परिणाम नंतरच्या लिखाणात तपासला. गोदावरीवर लिहिताना तिने प्रथम ‘द लाँगेस्ट रिव्हर इन इंडिया’ असे लिहिले होते. वर ‘कोणांत?’ लिहिताना ती थांबली, भूगोलाचे पुस्तक उघडले, गंगा गोदावरीपेक्षा लांब असल्याचे पाहिले आणि वाक्य ‘द लाँगेस्ट रिव्हर इन पेनिन्सुलर इंडिया’ असे केले. नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरला उगम पावून १४६५ किलोमीटर वाहणाऱ्या नदीसाठी हाच समूह बरोबर आहे. रूपाची दुहेरी चूक पुन्हा आली नाही आणि ‘अदर’ही जागेवर राहिला. ‘द’ मात्र पुन्हा गळू लागला, विशेषतः वाक्य लांब असेल आणि सुपरलेटिव्ह मध्येच कुठेतरी आले असेल तेव्हा. आर्टिकलची सवय एका घटकातून लागत नाही, तिला वाचनाचा बराच काळ लागतो, त्यामुळे त्यासाठी तिला रोज एक परिच्छेद मोठ्याने वाचण्याचे काम वेगळे दिले आहे. पुढच्या टप्प्यात दोनच वस्तूंची तुलना घ्यायची आहे, कारण दोघांतील उंच व्यक्तीला औपचारिक इंग्रजीत ‘द टॉलेस्ट’ न म्हणता ‘द टॉलर ऑफ द टू’ म्हणतात, आणि इथे ‘-अर’ असूनही ‘द’ व ‘ऑफ’ येत असल्याने आत-बाहेरचा तिचा नियम तिला नव्याने तपासावा लागेल.